तमारी थाळी मळी छे

रविवारी दुपारी जेवून नुकताच आडवा झालो होतो, तेव्हा अनोळखी क्रमांकावरून फोन आला आणि पलीकडचे गृहस्थ गुजरातीत म्हणाले, “तमारी थाळी मळी छे.” आमच्या घरातली कोणतीही थाळी हरवलेली नव्हती, आणि तसे मी सांगणारही होतो. पण त्यांनी वर्णन सुरू केले. थाळी प्लास्टिकची आहे, रंग केशरी आहे, काठ जाड आहे, जेवायला मात्र ती फार उथळ आहे आणि तिच्या पाठीवर हा नंबर लिहिलेला आहे. मी ताडकन उठून बसलो. ती थाळी म्हणजे डिस्क गोल्फ या खेळात फेकायची आमची चकती, म्हणजे डिस्क होती. ती शोधण्यासाठी मी आणि माझ्या भाच्याने तीन रविवार घालवले होते, आणि त्या काळात मी जवळजवळ दोन हजार रुपयांची उपकरणे तयार केली होती.

हे गृहस्थ म्हणजे शेताच्या पलीकडच्या रस्त्यावर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, चालवणारे एक काका निघाले. आम्ही पोचलो तेव्हा डिस्क त्यांच्या पाण्याच्या माठावर पालथी घातलेली होती आणि तिच्यावर स्टीलचा पेला उपडा ठेवलेला होता. माठाच्या तोंडावर ती इतकी नेमकी बसली होती की उचलून घेताना मलाच अपराधी वाटले. काकांनी पेला काढला, डिस्क खांद्यावरच्या गमछाने पुसली आणि शेळ्या चारणाऱ्या एका मुलाने ती कोतराच्या, म्हणजे नदीकाठच्या घळीच्या, वाटेवरून आणून दिल्याचे सांगितले. आम्ही चहा घेतला. पुढच्या रविवारी त्यांच्या माठासाठी लाकडी झाकण नेऊन दिले, पण त्यांना ते काही पहिल्यासारखे आवडले नाही.

त्या डिस्कला थाळी म्हणण्यात काकांचे काही चुकले नव्हते. ज्या खेळाला इंग्रजीत डिस्कस थ्रो म्हणतात त्याला आपण मराठीत थाळीफेक म्हणतोच. आणि डिस्क गोल्फची वंशावळ मागे मागे शोधत गेले की तीही स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या भांड्यापाशीच जाऊन थांबते. फ्रेड मॉरिसन नावाचा अमेरिकन तरुण आणि त्याची होणारी बायको १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर केकचे पत्र्याचे भांडे एकमेकांकडे फेकत खेळत असत. ते पाहून कोणीतरी ते भांडे विकत मागितले, आणि त्यातून मॉरिसनला धंद्याची कल्पना सुचली. त्याच्या प्लास्टिकच्या चकतीला पुढे ‘फ्रिस्बी’ हे नाव मिळाले, तेही कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावच्या फ्रिस्बी नावाच्या, ‘पाय’ हा केकसारखा भाजलेला पदार्थ बनवणाऱ्या कंपनीवरून. एड हेड्रिक याने या चकतीला गोल्फचे नियम जोडले, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात पहिले कायमचे मैदान आखले आणि खांबाला साखळ्या लावलेली टोपली तयार केली. गोल्फमध्ये चेंडू भोकात घालायचा असतो, इथे चकती साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली पाहिजे, आणि ज्याला कमीत कमी फेकी लागतील तो जिंकतो. हेड्रिक २००२ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून काही डिस्क काढण्यात आल्या. त्यांतली एखादी कोणी खरोखरच फेकली असेल आणि ती गवतात हरवली असेल, तर शोधणाऱ्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येऊन जातो.

आमच्याकडे हा खेळ भाच्याबरोबर आला. तो अमेरिकेत शिकून २०२२ मध्ये बडोद्याला परतला तेव्हा त्याच्या सामानात अकरा डिस्क होत्या, आणि कस्टमवाल्यांनी त्यांबद्दल विचारले तेव्हा त्यानेही “जेवणाच्या थाळ्या” असेच उत्तर दिले होते म्हणे. शहराच्या उत्तरेला विश्वामित्री नदीच्या कोतराला लागून माझ्या एका मित्राचे शेत आहे. त्याच्या पडीक तुकड्यावर आम्ही नऊ लक्ष्ये ठरवली: दोन आंबे, एक कडुनिंब, एक रिकामे पिंप, झाडाला टांगलेला ट्रकचा टायर अशी. शेवटची टोपली तेवढी खरी होती. ती मी शुक्रवारी बाजारातून आणलेल्या सायकलच्या रिमला साखळ्या अडकवून बनवली. मी बत्तीस वर्षे एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काढली असल्यामुळे खेळापेक्षा टोपली बनवण्यातच मला अधिक रस होता, हे इथे कबूल केलेले बरे.

पहिल्या पावसाळ्यात अकरांपैकी पाच डिस्क गेल्या. एक डिस्क बाहेरून मागवायची तर दीड-दोन हजार रुपये पडतात, त्यामुळे हे नुकसान हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. डिस्क हरवते कशी, हे न खेळलेल्या माणसाला पटवून देणे मात्र अवघड जाते, कारण एवढी मोठी, भडक रंगाची, एकवीस-बावीस सेंटिमीटर व्यासाची वस्तू डोळ्यांदेखत पडते आणि तरी दिसत नाही, हे ऐकायलाच खोटे वाटते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे छातीसमोरून हात बाहेर नेत, फेकलेली डिस्क वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग कमी होऊ लागला की हवा तिची पुढची कड उचलू पाहते, पण फिरत्या वस्तूला एका दिशेने ढकलले तर ती त्या दिशेला न कलता नव्वद अंशांनी पुढच्या दिशेला कलते, या भोवऱ्याच्या नियमानुसार पुढची कड उचलली जाण्याऐवजी डावी बाजू खाली झुकते आणि डिस्क शेवटच्या काही मीटरमध्ये डावीकडे वळते. डोळ्यांनी मात्र तोपर्यंत सरळ रेष आखून ठेवलेली असते. त्यातून ती काठावर उतरली तर चाकासारखी घरंगळत भलतीकडेच जाते. गुडघाभर गवतात ती आडवी पडली की दोन पावलांवरूनही दिसत नाही, आणि उभी रुतली तर तिची जाडी म्हणजे जेमतेम एका बोटाची रेघ. या खेळाच्या नियमांनी शोधायला तीन मिनिटे दिली आहेत. तेवढ्यात सापडली नाही तर ती हरवली असे धरून एका फेकीचा दंड बसतो. साध्या गोल्फमध्ये चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत, ती २०१९ पासून तीनच झाली आहेत. आम्ही एकेका डिस्कमागे दीड दीड तास घालवत होतो, म्हणजे नियमाप्रमाणे आम्ही कोणीच कधी खेळ पूर्ण केलेला नाही.

मी पहिल्यांदा हात घातला तो आवाजाला. विचार सरळ होता: डिस्क आपल्याला दिसत नसेल तर तिनेच आपल्याला हाक मारावी. गाणे वाजवणाऱ्या एका जुन्या वाढदिवसाच्या कार्डातून पितळेची पातळ पिझो चकती, म्हणजे व्होल्ट दिले की कंप पावून आवाज करणारी, काढली, रावपुऱ्यातल्या दुकानातून ५५५ ही टायमरची चिप आणली, आणि सगळे जोडून त्यात तीन व्होल्टची सीआर २०३२ ही बटण बॅटरी घातली, तर आवाजच नाही. हा माझा शुद्ध गाढवपणा होता. साध्या ५५५ ला किमान साडेचार व्होल्ट लागतात आणि हे मी नोकरीत असताना नव्या मुलांना दरडावून सांगत असे. मग त्या चिपचा कमी व्होल्टवर चालणारा प्रकार आणला, आणि पुढे तोही सोडून आठ पायांचा एक छोटा मायक्रोकंट्रोलर घेतला, जो बहुतेक वेळ झोपून राहतो आणि ठरलेल्या वेळी जागा होऊन पिझोला दोन्ही बाजूंनी आळीपाळीने व्होल्ट देतो. त्यामुळे त्याच बॅटरीत आवाज जवळजवळ दुप्पट जोराचा निघतो. फेकल्याचे कळण्यासाठी बारीक स्प्रिंगच्या आत एक तार उभी केली. डिस्क गरागरा फिरू लागली की स्प्रिंग तारेला चिकटते, झोपलेला कंट्रोलर जागा होतो आणि पंधरा सेकंदांनंतर हाका मारू लागतो, त्या कोणी उचलून बटण दाबेपर्यंत. हे सगळे मिळून नऊ ग्रॅम भरले. ते बरोबर मध्यभागी चिकटवले तर डिस्कच्या फिरण्यावर फारसा परिणाम होत नाही, पण काठाजवळ चिकटवून पाहिले तेव्हा ती पायात काटा भरलेल्या कोंबडीसारखी लंगडत उडाली.

दिवाणखान्यात हे यंत्र अप्रतिम चालले. सोफ्याखाली, कपाटामागे, अंथरुणाच्या वळकटीत, कुठेही लपवली तरी डिस्क हाक मारत असे. शेतावर गेलो, श्रावणातली संध्याकाळ होती, भाच्याने फेकली, पंधरा सेकंद थांबलो आणि हाक ऐकू आली. ती आंब्याकडून आली. आंब्यापाशी गेलो तर ती निंबाकडून येऊ लागली. निंबापाशी पोचलो तर ती सगळीकडून येत होती, आणि थोड्या वेळाने लक्षात आले की आम्ही जे ऐकतो आहोत त्यातले निम्मे रातकिडे आहेत.

रात्री घरातला रातकिडा शोधायला निघालेल्या प्रत्येकाला ही फजिती माहीत असते. कपाटामागून आवाज येतो, कपाट सरकवावे तर तो मोरीतून येतो. यामागे रातकिड्याची हुशारी आहे तितकीच आपल्या कानांची मर्यादाही आहे. लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये हे नीट मांडले आहे. खालच्या पट्टीचा आवाज दोन कानांपर्यंत किंचित मागेपुढे पोचतो आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. फार वरच्या पट्टीचा आवाज डोक्यामुळे अडतो, म्हणून पलीकडच्या कानाला तो कमी ऐकू येतो आणि त्यावरून दिशा कळते. या दोन्हींच्या मधला, सेकंदाला साधारण दोन ते चार हजार कंपनांचा पट्टा असा आहे की तिथे दोन्ही युक्त्या अपुऱ्या पडतात. माझी पिझो चकती नेमकी चार हजारांच्या आसपास सर्वांत जोरात वाजत असे, आणि पुष्कळसे रातकिडेही त्याच्याच शेजारपाजारी गातात. म्हणजे बत्तीस वर्षांच्या अनुभवानंतर मी मोठ्या कष्टाने एक रातकिडा बनवला होता आणि तो रातकिड्यांतच नेऊन सोडला होता.

यावर उपाय म्हणजे सूर सोडून द्यायचा. एकाच सुराऐवजी तुटक टकटक केली की तिच्यात खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या एकदम येतात, शिवाय आवाज सुरू होण्याचा क्षण धारदार असतो, त्यामुळे कानांना दिशा सापडते. मी दर दहा सेकंदांनी पाच वेळा टकटक असे बसवले आणि चाचणीसाठी डिस्क स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवली. आई आत वाटाणे सोलत बसली होती. तिने मान वर न करता जमिनीवर बोट आपटले आणि “कृष्ण कृष्ण” म्हणाली. पाल चुकचुकली की ती नेहमीच असे करते. दहा सेकंदांनी पुन्हा टकटक झाली, पुन्हा बोट आपटले, पुन्हा कृष्णाचे नाव. चौथ्या वेळी तिने वर पाहून विचारले, “आज हिला झालंय तरी काय?” मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग तिला कृष्णाचंच नाव घ्यायला शिकव की, माझं बोट तरी वाचेल.” त्या दिवसापासून आमच्या घरात त्या डिस्कचे नाव पाल पडले.

पालीने पुढे चार वेळा स्वतःला शोधून दिले. शांत हवेत ती वीस मीटरवरून ऐकू येत असे. पाऊस पडत असला तर मात्र पाचांवरून. ब्लूटूथची चकतीही आम्ही मध्यंतरी चिकटवून पाहिली. ती अकरा ग्रॅमची, दिसायला देखणी आणि मांडवीच्या गर्दीत उत्तम चालणारी असते, पण दूरवर हरवली की ती आसपासच्या लोकांच्या फोनच्या आधाराने आपला पत्ता कळवते, आणि आमच्या शेताच्या आसपास असतात ते फोन म्हणजे माझा, भाच्याचा आणि शेतावरच्या भाईंचा बटणांचा. शिवाय ओल्या गवतात त्या लहरींचा जीव लवकर जातो. परवाना असलेला एक हौशी रेडिओवाला मित्र पोलादी मोजपट्टीचे तुकडे पाइपवर बसवून दिशा दाखवणारा अँटेना करून द्यायला तयार होता, आणि तो अँटेना करायला मलाही फार आवडले असते, पण भाचा म्हणाला, “मामा, मग आपण खेळायचं कधी?” तेव्हा तो विषय मागे पडला.

आवाजानंतर मी उजेडाकडे वळलो. नोटा तपासायला दुकानदार जो जांभळा दिवा वापरतात त्याच्या प्रकाशात भडक केशरी, पोपटी, गुलाबी प्लास्टिक स्वतःच पेटल्यासारखे चमकते, कारण डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून ते रंग दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. अंधार पडल्यावर आम्ही असा दिवा घेऊन गवतात शिरलो, आणि दहाव्या मिनिटाला भाच्याला एका दगडाच्या कडेला हिरवट निळा प्रकाश दिसला. तो आनंदाने वाकला आणि तसाच मागे उडाला. तो विंचू होता. विंचवाचे कवच अतिनील प्रकाशात तसेच चमकते, हे मी कुठेतरी वाचले होते, पण वाचलेले अशा वेळी आठवत नाही. आम्ही दोघे बराच वेळ तिथेच उभे राहून पाहत होतो. नांगी वर केलेली, एकेक सांधा वेगळा दिसत असलेला, काचेचा केल्यासारखा तो जीव दिवा फिरवला की नाहीसा होई आणि दिवा आणला की पुन्हा तिथेच असे. त्यानंतरच्या अर्ध्या तासात आम्हाला आणखी तीन विंचू, साबणपावडरच्या पिशवीचा एक तुकडा आणि कोणाचा तरी पांढराशुभ्र रुमाल सापडला. डिस्क सापडली नाही, कारण ती गर्द निळी होती, आणि त्या दिव्यात गर्द निळे प्लास्टिक गवताइतकेच काळे दिसते. दिवसाउजेडी याच जागी आपण चपला घालून दोन वर्षे हिंडतो आहोत, हे मात्र त्या रात्री पुरेपूर कळले, आणि दुसऱ्या दिवशी दोन गमबूट खरेदी झाले.

मग रेडियम. ट्रकच्या मागे आणि सायकलच्या मडगार्डवर लावतात त्या पट्टीला आपण रेडियम म्हणतो, वास्तविक त्यात रेडियम औषधालाही नसते. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा तसेच कोन असतात आणि ते आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवतात. त्यामुळे बॅटरी हातात खाली धरून उपयोग होत नाही, ती डोळ्यांशेजारी, कपाळावर बांधावी लागते. हे कळायला मला दोन रात्री लागल्या. वीस रुपयांच्या पट्टीचे वीतभर तुकडे डिस्कच्या दोन्ही बाजूंना चिकटवले आणि कपाळाला दिवा बांधून पाहिले, तर साठ-सत्तर पावलांवरून गवतात ठिणगी पडल्यासारखे दिसे. वजन नाही, बॅटरी नाही, काही बिघडायचे नाही. मी केलेल्या सगळ्या उपकरणांत हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगले, आणि ते करण्यात मला अजिबात मजा आली नाही.

पण रेडियमनेच आमचे रात्रीचे शोध बंद पाडले. एकदा कोतराच्या कडेवरून मी कपाळाचा दिवा खाली वळवला आणि पाण्यालगत दोन ठिपके परत आले. लालसर, शेजारी शेजारी, एका उंचीवर. आमच्या डिस्कवर दोन तुकडे होतेच, म्हणून मी भाच्याला आनंदाने दाखवले. शेतावरचे भाई मागून आले, त्यांनी तिकडे पाहिले आणि हळूच माझ्या कपाळावरचा दिवा विझवला. ते म्हणाले, “साहेब, ए तो मगर छे.” मगरीच्या डोळ्यांत मागे आरशासारखा पडदा असतो, म्हणून तिचे डोळे बॅटरीच्या उजेडात रेडियमसारखेच चमकतात, आणि मगरींची मोजदाद करणारे लोकही रात्री असेच डोळे मोजतात. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्यात लहान मुलालाही माहीत असते. सयाजीबागेच्या पुलावर थांबून खाली वाळूवर पडलेली मगर बघणे हा आमच्या लहानपणी रविवारचा कार्यक्रम असे. पण पुलावरून पाहणे वेगळे आणि आपण तिला डिस्क समजून खाली उतरण्याच्या बेतात असणे वेगळे. त्या रात्री आमच्या मैदानाचा नवा नियम झाला: कोतरात गेलेली डिस्क मगरीची.

तलावडीचे तसे नव्हते. शेताच्या मधोमध पुरुषभर खोल पाण्याची तलावडी आहे, तिच्यात मगर नाही, आणि डिस्क मात्र हमखास जाते. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. अमेरिकेत यासाठी दोरीला बांधून फेकायचा तारांचा जड सांगाडा मिळतो आणि त्याला पाण्यातून शिकार आणणाऱ्या कुत्र्याच्या जातीवरून गोल्डन रिट्रीव्हर असे नाव दिले आहे, असे भाच्याने सांगितले. ते ऐकून मला हसू आले, कारण आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात विहिरीत पडलेली बादली काढायला जो अनेक आकड्यांचा लोखंडी गळ होता, त्याला आमची आजी, घरात सगळे मराठी बोलत असूनही, गुजरातीत मिंदडी म्हणत असे. मिंदडी म्हणजे मांजरी. पंजे पसरून खाली जाते आणि नखांत धरून वर आणते म्हणून. तेच काम त्यांनी कुत्र्यावर सोपवले आणि आपल्याकडच्या लोकांनी मांजरीवर; विहिरीच्या काठावर बसून डोकावणारा प्राणी कोणता हे ज्याने पाहिले आहे, तो मांजरीच्या बाजूने कौल देईल.

वाडा विकला तेव्हा मिंदडी मी आणली होती. माळ्यावरून ती काढली, गंज घासला, नवी दोरी बांधली. पहिल्या दिवशी तिने तलावडीतून एक पाइपचा तुकडा, एक चप्पल आणि पुष्कळ शेवाळ आणले. डिस्क काही येईना. बादलीला कडी असते, डिस्कला नसते. डिस्क तळाशी उताणी पडली असेल, म्हणजे तिचा काठ वर असेल, तर आकडा काठाच्या आतल्या कंगोऱ्यात अडकतो. पण ती पालथी पडली असेल तर आकडे तिच्या गुळगुळीत पाठीवरून नुसते सरकत जातात. म्हणून मी मिंदडीच्या मागे हातभर अंतरावर दंताळ्याचे दात दोरीला बांधले. पुढून मिंदडी चिखल उकरते आणि डिस्क हलवते, मागून दंताळे तिला काठाखाली धरते. हे जोडकाम दोरी सावकाश ओढली तरच साधते. घाईने ओढले की दंताळे तळ सोडून तरंगू लागते. भाच्याला ते कधी जमले नाही. आई एकदा शेतावर आली होती, तिने दोरी हातात घेतली, दोन बोटांत ताण जोखला, थांबली, जरा सैल सोडली आणि “लागलीय” म्हणाली. काळ्या चिखलाने माखलेली पिवळी डिस्क वर आली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या तिच्या हाताला विहिरीतल्या बादलीचा ताण अजून ओळखता येत होता. त्या उन्हाळ्यात मिंदडीने चार डिस्क काढल्या, आणि त्यांतल्या दोन आमच्या पहिल्या पावसाळ्यात गेलेल्या होत्या.

पाठीवर फोन नंबर लिहिण्याची कल्पना माझी नाही. ती या खेळातली जुनी रीतच आहे, आणि सापडलेली डिस्क नंबर पाहून परत करणे हे तिकडे सभ्यपणाचे समजतात. मला ती पळवाट वाटत असे. नंबर लिहिणे म्हणजे शोधण्याचे काम दुसऱ्यावर ढकलणे, असे माझे मत होते. चहावाल्या काकांचा फोन आल्यावर मी गुपचूप मार्कर पेन आणले आणि बाकीच्या सगळ्या डिस्कवरही नंबर गिरवून घेतले. आतापर्यंत असे पाच फोन आले आहेत. एका बाईंनी डिस्कमध्ये कोंबड्यांना दाणे घातले होते आणि परत देताना ती घासूनपुसून दिली. पाचांपैकी एकही जण तिला डिस्क म्हणाला नाही.

पाल मात्र नंबराने आली नाही. ४ ऑगस्ट २०२४ च्या रविवारी सकाळी सातव्या लक्ष्यावर भाच्याची फेक उंच गेली, वाऱ्याने ती उचलली, आणि ती कोतराच्या पलीकडच्या उतारावर वेड्या बाभळीच्या जाळीत जाऊन पडली. पंधरा सेकंदांनी टकटक ऐकू आली. अगदी स्वच्छ. कडेवर उभे राहून मी डोळे मिटले आणि बोट केले, भाच्यानेही डोळे मिटून बोट केले, आणि दोघांची बोटे एकाच जाळीकडे होती. यंत्र इतके उत्तम आजवर कधी चालले नव्हते. डिस्क सापडली होती, फक्त मिळत नव्हती. खाली पाणी वाहत होते, आणि नियम आम्हीच केलेला होता.

पुढचे तीन आठवडे आम्ही दर रविवारी, आणि मी अधूनमधून इतर दिवशीही, पहाटे तिथे जाऊन तिला ऐकत असू. पहाटे रातकिडे थकलेले असतात आणि रस्त्यावरची वाहने सुरू झालेली नसतात. दर दहा सेकंदांनी पाच टकटक. एकदा मी घरी कागदावर हिशेब मांडला: बॅटरीत दोनशेवीस मिलिअँपिअर-तास, सरासरी खर्च छप्पन्न मायक्रोअँपिअर, म्हणजे सुमारे एकशे त्रेसष्ट दिवस. ४ ऑगस्टपासून मोजले तर ते बरोबर १४ जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी संपत होते. पाणी उतरले की नोव्हेंबरात बांबूला आकडा बांधून पलीकडून प्रयत्न करायचा असे ठरले, आणि मी तो बांबू आणूनही ठेवला.

ऑगस्टच्या अखेरीस, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्रीला जो पूर आला त्याबद्दल मी नव्याने काय सांगावे. शहरात घरांच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी चढले होते आणि सोसायट्यांच्या आवारातून मगरी पकडून नेल्या जात होत्या. शेतावर जायला सप्टेंबरचा दुसरा आठवडा उजाडला. कोतराच्या दोन्ही उतारांवर चिखलाची एकसारखी रेघ उमटली होती आणि ती पलीकडच्या बाभळींच्या शेंड्यांपेक्षा वर होती. फांद्यांत प्लास्टिकच्या पिशव्या, कापडे आणि एक लहान मुलाची सायकल अडकली होती. ती जाळी तशीच उभी होती. भाच्याने घड्याळाकडे पाहत दहा सेकंद मोजले, पुन्हा मोजले, वारा आहे म्हणाला आणि आणखी एकदा मोजले. मागे उभे असलेल्या भाईंनी आपण होऊन बिडी विझवली आणि तेही कान देऊन थांबले.